‘थ्री नॉट थ्री’ वितळवण्याआधी तिच्यावरचे शिक्के वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांच्या .303 रायफली सेवेतून निघाल्या की वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो: ‘ब्रिटिशकालीन बंदुकीला निरोप’. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभाने रजा दिली, तेव्हाही हाच सूर होता. आपल्याकडे 26/11च्या रात्री सीएसएमटी स्थानकात पोलिसांच्या हाती काय होते यावर भरपूर लिहिले गेले. त्यानंतर ही रायफल म्हणजे ‘इंग्रजांनी मागे टाकलेले भंगार’ असा समजच पक्का झाला. रायफल जुनी आहे आणि तिला रजा द्यायलाच हवी होती, याबद्दल आमचे दुमत नाही. पण आपल्या शस्त्रागारांत पडलेल्या यातल्या बऱ्याच रायफली इंग्लंडने बनवलेल्या नाहीत. त्या पश्चिम बंगालमधल्या इच्छापूर या हुगळीकाठच्या गावी, सरकारी कारखान्यात बनल्या, आणि त्यांतल्या कितीतरी 15 ऑगस्ट 1947 नंतरच्या आहेत. हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही, प्रत्येक रायफलीवर ते कोरलेले आहे. म्हणून एकच मागणी: कापून भट्टीत घालण्याआधी प्रत्येक रायफलीवरच्या खुणा वाचून नोंदवा आणि प्रत्येक प्रकारची निदान एक रायफल राखून ठेवा.

आधी त्या गावाविषयी. इच्छापूर कोलकात्याच्या उत्तरेला, बराकपूरच्या जवळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1787 मध्ये तिथे तोफांच्या दारूचा कारखाना उभारायला घेतला आणि 1791 पासून दारू निघू लागली. काशीपूरचा तोफगाडे बनवणारा कारखाना त्यानंतरचा, 1802चा. म्हणजे शस्त्रनिर्मितीच्या नकाशावर इच्छापूर काशीपूरहूनही जुने. याच पट्ट्यात, डमडम आणि बराकपूरला, 1857च्या जानेवारी ते मार्चमध्ये एनफिल्डच्या काडतुसांवरून असंतोष पेटला. त्या उठावानंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे धोरण राहिले. रायफली विलायतेतून येत आणि इथल्या शस्त्रागारांकडे मुख्यतः दुरुस्तीचे काम असे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली आणि काळ्या दारूचे महत्त्व ओसरले. कॉर्डाइटसाठी निलगिरीत अरुवनकाडूला वेगळा कारखाना निघाला. इच्छापूरच्या दारू कारखान्याच्या जागेवर 1904 मध्ये रायफल फॅक्टरी सुरू झाली. गाव इच्छापूर, पण सरकारी कागदांत आणि रायफलीवर इंग्रजी वळणाने ‘इशापूर’. शिक्क्यात तेच शोधावे लागते.

कारखाना सुरू झाला म्हणून लगेच अद्ययावत रायफल हाती आली असे नाही. एक उदाहरण मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1914 मध्ये हिंदी फौजा फ्रान्समध्ये मार्सेलिसला उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळच्या रायफली बदलून द्याव्या लागल्या. ब्रिटिश फौजेने टोकदार गोळीचे मार्क सात काडतूस घेतले होते, तर हिंदुस्थानात अजून बोथट, जड गोळीचे मार्क सहा चालत होते. टोकदार गोळी जास्त वेगाने आणि जास्त सपाट मार्गाने जाते, त्यामुळे जुन्या काडतुसासाठी आखलेल्या माश्या (रायफलीवरच्या नेम धरायच्या खुणा) नव्याला चुकीचे अंतर दाखवतात. रायफल तीच, नळी तीच, पण मागच्या माशीच्या पट्टीवरचे आकडे निरुपयोगी. कारखाना स्वतःचा असला तरी काडतूस कोणते हा निर्णय दुसरीकडे होतो, आणि त्याची किंमत मैदानावरचा शिपाई मोजतो. इच्छापूरच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

पहिल्या महायुद्धात 1916 पासून .303च्या ‘मार्क तीन’ या नमुन्याची सुटसुटीत आवृत्ती आली. मॅगझिन बंद ठेवून एकेक राउंड भरण्याची पट्टी, लाकडाच्या बाजूला बसवलेल्या लांब पल्ल्याच्या माश्या, मागच्या माशीची डावी-उजवी सरकणारी रचना, हे सगळे वगळले. तिला मार्क तीन ‘स्टार’ म्हणतात, कारण शिक्क्यात III च्या पुढे चांदणी असते. आपल्या शस्त्रागारांत जास्त आढळते ती हीच. लांबी सुमारे 1130 मिमी, नळी 640 मिमी, वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये 10 राउंड.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नवीन ‘नंबर चार’ रायफल घेतली. इच्छापूर आणि ऑस्ट्रेलियातले लिथगो या दोन कारखान्यांनी मात्र जुनीच ‘नंबर एक’, म्हणजे हीच मार्क तीन, चालू ठेवली. याला मागासलेपणा म्हणणारे लेख वाचले की हसू येते. रायफलीचा कारखाना म्हणजे यंत्रांपेक्षा गेजचा, म्हणजे मापे तपासण्याच्या साच्यांचा, कारखाना असतो. रिसीव्हर (नळी आणि बोल्ट धरणारा मधला सांगाडा), बोल्ट (राउंड आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा), नळी, मॅगझिन, माश्या या प्रत्येक भागाच्या प्रत्येक मापासाठी ‘जाते’ आणि ‘जात नाही’ अशी गेजची जोडी लागते. भाग यंत्रात घट्ट धरायला फिक्श्चर लागते. आणि त्या गेजांचीही घासझीज तपासायला मूळ गेज लागतात. नमुना बदलला की हा सगळा पसारा नव्याने बनवावा लागतो, आणि तो बनवणारे हात तेच असतात जे चालू उत्पादन सांभाळत असतात. युद्ध चालू असताना तो बदल म्हणजे कित्येक महिने रायफली बंद. त्यापेक्षा आहे ती चालू ठेवा आणि सोपी करा, हा निर्णय बरोबरच होता. त्या काळातली एक सोपी सुधारणा आजही डोळ्यांना दिसते: पुढचे लाकूड चिरू नये म्हणून त्यातून आडवा घातलेला स्क्रू. संग्राहक त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. संगीनही 17 इंचांच्या पात्यावरून 12 इंचांवर आली.

फाळणीत एकही आयुध निर्माणी पाकिस्तानच्या वाट्याला आली नाही. त्यांना वाहचा कारखाना 1951 मध्ये नव्याने उभारावा लागला. आपल्याकडे इच्छापूर तसेच चालू राहिले. फक्त शिक्का बदलला: राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘इशापूर’ या पूर्ण नावाऐवजी ‘आरएफआय’ ही आद्याक्षरे दिसू लागली. सिंहमुद्रा आणि 1950च्या दशकातले साल असलेली रायफल कुणी ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून भंगारात काढली, तर तो इतिहासाचा सरळ अपमान नसला तरी निदान आळस तरी नक्कीच आहे.

1962च्या युद्धात आपले जवान हीच बोल्ट रायफल घेऊन लढले. त्यानंतरच्या घाईत इच्छापूरने एक विलक्षण तडजोड केली. सैन्याचे नवीन काडतूस 7.62 बाय 51 मिमी ठरले होते, पण स्वयंभरणी एसएलआर सगळ्यांना पुरेल इतकी बनायला वेळ लागणार होता. म्हणून जुन्या बोल्ट रायफलीलाच नव्या काडतुसासाठी आखले. तिचे नाव ‘2ए’, आणि थोड्या बदलाने ‘2ए1’. 1960च्या दशकाच्या मध्यापासून 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती बनत राहिली. कोणत्याही नियमित फौजेसाठी नव्याने काढलेल्या साध्या बोल्ट रायफलींमधली ही जवळजवळ शेवटचीच.

वरून पाहिले तर ती .303ची जुळी बहीण वाटते, आणि नेमका तिथेच धोका आहे. 7.62चा दाब .303पेक्षा बराच जास्त, म्हणून तिला वेगळे, अधिक मजबूत पोलाद वापरले. जुन्या .303च्या रिसीव्हरला 7.62ची नळी बसवणे म्हणजे 2ए नव्हे, आणि तसे करणे असुरक्षित आहे. दुसरा फरक काडतुसाच्या बुडाचा. .303च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, मागे गेली की राउंड अडकते आणि बोल्ट पुढे जात नाही. म्हणूनच पाच राउंडच्या क्लिपमध्ये कडा एक वर, एक खाली अशा आलटूनपालटून बसवलेल्या असतात. क्लिप कोणत्याही बाजूने उलटी धरली तरी भरता येते. 7.62ला अशी कड नाही, तिथे खाच आहे. त्यामुळे 2एमध्ये राउंड ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिन दोन्ही बदलावे लागले. ओळख अशी: 2एचे मॅगझिन चौकोनी डब्यासारखे, 12 राउंडचे; .303चे पुढे उतरते, 10 राउंडचे. 2एच्या मागच्या माशीवर 2000 मीटरपर्यंत आकडे, 2ए1वर 800पर्यंत. दोन्ही प्रकार एकाच रॅकला ‘बोल्ट रायफल’ म्हणून लावले असतील तर मॅगझिन आणि बट सॉकेटवरचा (बटाच्या सांध्याच्या लोखंडी कड्यावरचा) शिक्का पाहिल्याशिवाय एकाही रायफलीची नोंद करू नये.

काडतुसांकडे वळले की गोष्ट महाराष्ट्रात येते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869चा, इच्छापूरच्या रायफल कारखान्याहून पस्तीस वर्षांनी थोरला. .303च्या पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या आवरणाच्या) बुडावर ‘केएफ’ दिसले की ती खडकीची. 7.62च्या बुडावर ‘ओएफव्ही’ असेल तर ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची, जो कारखाना 1962च्या धड्यानंतर 1960च्या दशकात उभा राहिला. पुढची इन्सास रायफल तर पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने आखली आणि इच्छापूरने बनवली. एका हत्याराचा आराखडा, काडतूस आणि रायफल असा बंगाल ते खानदेश पसरलेला हा धागा आहे. इच्छापूरची ही नोंद महाराष्ट्रात का करायची, असा प्रश्न कुणाला पडला तर त्याचे उत्तर एवढेच.

आता मुख्य काम, शिक्के वाचणे. सुरुवात सुरक्षिततेपासून: मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसते त्या जागेत) नजर टाका आणि करंगळी घालूनही पाहा. भंगार यादीतली रायफल रिकामीच असणार हे गृहीत धरणे हीच शस्त्रागारातली सगळ्यात जुनी चूक.

रायफल उजवी बाजू वर करून टेबलावर ठेवा. बट जिथे रिसीव्हरला जोडलेला असतो ते लोखंडी कडे म्हणजे बट सॉकेट. बोल्टच्या हँडलखाली, त्याच्या उजव्या अंगावर मुख्य शिक्का असतो: वर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे, किंवा अशोकाचे सिंह, खाली कारखान्याचे नाव, मग साल, मग नमुना. ‘इशापूर’ किंवा ‘आरएफआय’ ऐवजी एनफिल्ड, बीएसए किंवा लिथगो असेल तर रायफल बाहेरून आलेली. आद्याक्षरांत ‘जीआर’ आणि ‘जीआरआय’ असा फरक दिसेल. शेवटचा ‘आय’ सम्राटपदाचा आहे आणि तो दुर्लक्षू नये, कारण काळ ठरवायला त्याचा उपयोग होतो. रुंद बाणाच्या खाली ‘आय’ अशी खूण असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची. जुन्या लांब रायफली कापून आखूड केल्या, त्यांवर ‘आयपी’, म्हणजे इंडिया पॅटर्न, असते.

इथे घाई केली की हमखास चूक होते: बट सॉकेटवरचे साल म्हणजे रिसीव्हरचे साल, सगळ्या रायफलीचे नव्हे. नळीला वेगळे साल असते. ते नळीच्या मागच्या जाड भागावर, डाव्या बाजूला, बहुधा दोन आकडी कोरलेले असते आणि वरचे लाकूड काढल्याशिवाय दिसत नाही. रायफल कारखान्यात पूर्ण दुरुस्तीला गेली असेल तर ‘एफटीआर’ आणि दुरुस्तीचे साल मिळते. 1918चा रिसीव्हर, 1940च्या दशकातली नळी आणि 1950च्या दशकातली दुरुस्ती असे एकाच रायफलीत सापडणे अजिबात नवलाचे नाही. नोंदवहीत साल या एका रकान्याऐवजी रिसीव्हर, नळी आणि दुरुस्ती असे तीन रकाने हवेत.

क्रमांकाचेही तसेच. मूळ क्रमांक रिसीव्हरच्या पुढच्या भागावर उजवीकडे असतो. तोच क्रमांक बोल्टच्या हँडलच्या मुळाशी, नळीवर, मागच्या माशीच्या पट्टीखाली, पुढच्या लोखंडी टोपीवर आणि लाकडाच्या टोकाखाली असायला हवा. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर ठळक नोंद करा. साफसफाईला दहा-वीस रायफली एकदम उघडल्या, बोल्ट एका घमेल्यात टाकले आणि परत लावताना अदलाबदल झाली, हा प्रकार सर्रास घडतो. नंबर चार रायफलीत बोल्टचे डोके 0 ते 3 अशा क्रमांकांच्या मापांत मिळते. नंबर एकमध्ये तशी क्रमवारी नाही, डोके निवडून आणि घासून त्या रायफलीला बसवलेले असते. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट लावला की काडतुसाच्या कडेसाठी सोडलेली जागा (हेडस्पेस) बदलते. ती 0.064 ते 0.074 इंचांच्या आत, म्हणजे साधारण 1.63 ते 1.88 मिमी असावी. 0.064च्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 0.074च्या गेजवर होता कामा नये. जागा जास्त झाली की पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाच्या वर फाटते. पुढचा तुकडा चेंबरमध्येच अडकतो आणि पुढचे राउंड आत जात नाही. सरावात ‘रायफल अडकली’ म्हणून बाजूला काढलेल्या कितीतरी रायफलींत दोष रायफलीचा नसून चुकीच्या बोल्टचा असतो.

बऱ्याच रायफलींवर नंतर जाड काळा रंग चढवलेला आहे. त्याखाली शिक्के बुजतात. कृपा करून पॉलिश पेपर, फाइल किंवा तारेचा ब्रश लावू नका. शिक्का उथळ असतो, रंगाबरोबर तोही जातो. रंग मऊ करणारा थिनर कापसाने लावा, थोडा वेळ थांबा आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. मग टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. तरीही अक्षर वाचता येत नसेल तर खडू चोळून वरचा पुसून टाका. कोरीव भागात पांढरे राहते. फोटोही त्याच आडव्या प्रकाशात घ्या. समोरून फ्लॅश मारला की लोखंड चमकते आणि अक्षरे गायब होतात.

नळीचे साल पाहायला लाकूड काढावे लागते, आणि इथे सर्वांत महागडी चूक होते. बट हलतो म्हणून बटाच्या आतला लांब बोल्ट आधी फिरवू नका. त्याचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की पट्टी लाकडाला आतून पिरगाळते आणि लाकूड मागच्या टोकाला उभे चिरते. क्रम असा: पुढची टोपी, मधला पट्टा, आतल्या पट्ट्याचा स्क्रू आणि त्याची स्प्रिंग, घोड्याचा गार्ड, मग पुढचे लाकूड सरळ खाली, बट शेवटी. आतल्या पट्ट्याची छोटी स्प्रिंग उडून हरवते, म्हणून खाली कापड अंथरा. पुढच्या टोपीजवळ नळीला खालून रेटणारा स्प्रिंगवरचा खुंट असतो, तोही जपून ठेवा. अनेक रायफलींत हा खुंट केव्हाच हरवलेला असतो आणि मग त्या रायफलीचे राउंड विखरून पडतात.

नळीची अवस्था नोंदवताना आतला गंज आणि तोंडाची झीज वेगळी लिहा. गंजाचे कारण जुन्या काडतुसांच्या कॅपमधले क्षार. ते ओलावा ओढतात आणि नुसते तेल त्यांना काढत नाही. गोळीबारानंतर चेंबरच्या बाजूने उकळते पाणी ओतून क्षार विरघळवायचे, नळी कोरडी करायची आणि मगच तेलाची चिंधी फिरवायची. ज्या तुकड्यांनी पाणी टाळले त्यांच्या नळ्यांना आतून खड्डे पडले. तोंडाची झीज मात्र अति साफसफाईने येते: फुलथ्रूची, म्हणजे नळी आतून पुसायची, दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाला एका बाजूने कापत जाते. कोकणातल्या रायफलींत पहिला दोष आणि कवायतीच्या मुख्यालयांतल्या रायफलींत दुसरा जास्त सापडावा, अशी अपेक्षा आहे. नोंदी झाल्या तर तेही कळेल.

वेगळे प्रकार वेगळे काढायलाच हवेत. पोलीस आणि तुरुंग पहारेकऱ्यांना दिलेले .410 मस्केट हे .303चेच रूपांतर. नळीला आतून आटे नाहीत, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एकावेळी एकच राउंड. तिचे काडतूस .303च्या पुंगळीची मान आवळण्याआधीच्या सरळ अवस्थेतले, त्यामुळे ते .303च्या रायफलीत जात नाही. हत्यार हिसकावले गेले तरी उपयोग मर्यादित राहावा हा त्यामागचा हिशोब. लोकांवर विश्वास नसलेल्या राजवटीने आपल्याच शिपायाच्या हातात मुद्दाम कमी ताकदीचे हत्यार कसे दिले, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही, आणि तो सगळ्यात आधी भट्टीत जातो, कारण कागदावर तो ‘निकृष्ट’ ठरतो.

नळीभोवती तार गुंडाळलेली रायफल ग्रेनेड डागण्यासाठी. तिच्यावर बहुधा तशी सूचना असते. सततच्या जोरदार धक्क्याने तिचा रिसीव्हर आणि लाकूड दमलेले असते. तार नळी फुटलीच तर तुकडे अडवण्यासाठी आहे, नळी मजबूत करण्यासाठी नव्हे. लाल-पांढरे पट्टे मारलेली रायफल कवायतीची. तिच्या चेंबरला भोक असते किंवा फायरिंग पिन कापलेली असते, आणि तिचा बोल्ट चालू रायफलीला लावणे हा गुन्हाच मानावा. एनसीसीतल्या मुलामुलींनी ज्या जड .22 रायफलीवर पहिला नेम धरला, तीही याच सांगाड्यात .22ची नळी बसवून केलेली. आणि खाजगी परवानाधारकांची .315 बोअरची इच्छापूर रायफल हीसुद्धा याच कुळातली. लष्करी बोअर प्रजेच्या हाती जाऊ नये म्हणून ठरवलेले ते वेगळे काडतूस. नागरिकांनी जमा केलेल्या शस्त्रांत ती सापडेल. तिची नोंद पोलिसांच्या.303मध्ये मिसळू नये.

हे सगळे एका रजिस्टरमध्ये बसते. रायफलीमागे रकाने असे: क्रमांक, कारखाना, मुकुट की सिंह, तीन साले, नमुना, बोल्ट जुळतो का, प्रकार, नळीची अवस्था, आणि कोणत्या जिल्ह्यातून आली. शेवटचा रकाना लोक विसरतात. रायफली एका ठिकाणी गोळा झाल्या की कोणती गडचिरोलीची आणि कोणती रत्नागिरीची हे कायमचे पुसले जाते, म्हणून नोंद गोळा करण्याआधी, जिल्ह्याच्या मुख्यालयातच झाली पाहिजे. जुनी स्टॉक रजिस्टरे आणि दुरुस्तीचे कागदही त्याचबरोबर जपावेत. कालबाह्य कागद म्हणून ते आधी रद्दीत जातात आणि मग रायफलीवरचा खाडाखोड केलेला क्रमांक कुणालाच उलगडत नाही. हेडस्पेसची गेज, चेंबरमधून तुटकी पुंगळी काढण्याचे हत्यार, माशी सरकवण्याचा क्रॅम्प, ही आर्मोररची (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याची) पेटीसुद्धा भंगारात देऊ नये. रायफली आणखी कुठेतरी मिळतील, ही पेटी मिळणार नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. राखायच्या रायफली नियमाप्रमाणे निकामी कराव्यात, पण शिक्के सोडून. चेंबरला भोक पाडावे, नळीत पिन घालून वेल्ड करावे, बोल्टचे तोंड घासावे. बट सॉकेट आणि रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला हात लावू नये. कटर नेहमी रिसीव्हरच्या मधोमध चालवतात आणि शिक्का नेमका ठिणग्यांत जातो. कापायची जागा लेखी ठरवून दिली तर एकही जादा रुपया खर्च होत नाही.

इच्छापूरची रायफल फॅक्टरी 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी मंडळाच्या छत्राखाली राहिलेली नाही. मंडळाच्या 41 कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. इच्छापूर कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे गेले आणि खडकी-वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. नवीन कंपन्यांना नवी गिऱ्हाइके शोधायची आहेत, जुनी खतावणी चाळण्याची सवड त्यांना असेलच असे नाही. तेव्हा कारखान्यातून बाहेर पडलेला माल ज्यांच्याकडे आहे त्यांनीच ती भरणे सोपे. राज्याच्या गृह विभागाने आणि पोलीस महासंचालक कार्यालयाने निर्लेखनाच्या (सेवेतून कमी करण्याच्या) आदेशातच हा नमुना तक्ता जोडावा, नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रत्येक प्रकारचा एक संच ठेवावा आणि नोंदींची एक प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे पाठवावी. ज्या जिल्ह्यांत निर्लेखनाची यादी तयार आहे पण उचल झालेली नाही, तिथून सुरुवात करता येईल. तिथे रायफली आधीच मोजून, रॅकवरून उतरवून ठेवलेल्या असतात.

आपले,
शस्त्रागारांत काम केलेले काही निवृत्त आर्मोरर व शस्त्र-इतिहासाचे अभ्यासक, पुणे